मेथीची जुडी आणि एक ‘च’

सकाळी साडेआठच्या सुमारास गल्लीत भाजीची हातगाडी येते. पावसाळ्याचे दिवस, पालेभाजीवर ओलं गोणपाट टाकलेलं. समोरच्या इमारतीतल्या बाई पिशवी घेऊन खाली उतरतात, मेथीच्या जुडीला हात लावतात आणि विचारतात, “काय हो, ताजी आहे ना?” गाडीवाला कोथिंबिरीवर पाण्याचा हबका मारत असतो. तो मानही वर करत नाही. “ताई, उद्या परत याच गल्लीत यायचंय मला.” बस्स, एवढंच. बाई दोन जुड्या घेतात, चाळीस रुपये देतात, वर जातात. तासाभराने गॅलरीत ताट घेऊन निवडायला बसतात, जुडीचा दोरा सोडतात, आणि बाहेरच्या हिरव्यागार काड्यांच्या पोटातून पिवळी पडलेली, बोटांना चिकटणारी पानं निघतात. त्यांचा आंबूस वास समोरच्या गॅलरीपर्यंत पोचत नाही, पण बाईंच्या तोंडाकडे बघून कळतो. “ताजी आहे म्हणाला होता मेला,” त्या आत कुणाला तरी सांगतात.

तो तसं म्हणालाच नव्हता.

आणि तेच दिवसभर डोक्यातून जात नाही. त्याने मेथीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. तो बोलला स्वतःबद्दल, उद्याबद्दल आणि गल्लीबद्दल, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तो दुसऱ्या दिवशी येणार होता आणि याच गल्लीत येणार होता. खोटं म्हणून बोट ठेवावं अशी जागाच त्या वाक्यात सापडत नाही. मेथी ताजी आहे हा निकाल बाईंनी स्वतः दिला, पिशवीचं तोंड उघडता उघडता. दुसऱ्याने सांगितलेलं आपण घासूनपुसून घेतो, त्यात दहा खोड्या काढतो. स्वतःच्या डोक्यात जुळून आलेल्या वाक्याची मात्र उलटतपासणी करायचं सुचत नाही. गाडीवाल्याला हे कुणी शिकवलं नसणार. गाडी ढकलता ढकलता, गिऱ्हाइकांची तोंडं बघता बघता ते जिभेवर बसलं असणार.

न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राने, या जातीच्या बोलण्याचे सांधे फार पूर्वी सुटे करून ठेवले आहेत. दुसऱ्याला पटवायचं तर पाच अवयवांचं वाक्य हवं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून डोंगरावर आग आहे. आता गाडीवाल्याचं बोलणं याच साच्यात पुरं मांडून बघावं. ही मेथी ताजी आहे. कारण विकणाऱ्याला उद्या परत याच गल्लीत यायचं आहे. ज्याला त्याच गिऱ्हाइकाकडे परत यायचं असतं तो शिळा माल देत नाही, जसा आपला दूधवाला. हाही तसाच. म्हणून मेथी ताजी. या पाचांतलं त्याने फक्त दुसरं उच्चारलं, बाकीची चार बाईंनी भरली. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावर लिहिताना नेमक्या याच अर्ध्या बोललेल्या युक्तिवादाला पटवण्याच्या कलेचा गाभा मानलं आणि त्याला एन्थिमीम म्हटलं. गंमत तिसऱ्या अवयवात आहे. तिथे व्याप्ती लागते, म्हणजे ‘जिथे जिथे हे, तिथे तिथे ते’ असा न चुकणारा संबंध. रोज दारात येणारा माणूस कधीच पाणी घालत नाही, असं दुधाच्या बाबतीत तरी कुणी छातीठोकपणे म्हणेल का? हेतू असा कधी साध्याला, म्हणजे सिद्ध करायच्या गोष्टीला, धरून, कधी सोडून राहायला लागला की नैयायिक त्याला सव्यभिचार म्हणतात. हेत्वाभासांच्या, म्हणजे फसव्या कारणांच्या, यादीत तो पहिला येतो. बाकी उदाहरण म्हणून दूधवालाच आठवावा, यातच सगळं आलं.

कुठलंही गळी उतरणारं वाक्य असं तपासता येतं. कागदावर पाच ओळी सोडायच्या, कानावर पडलेली ओळ तिच्या जागी लिहायची आणि बाकीच्या स्वतःच्या हाताने भरायच्या. ‘आमच्या क्लासची ४ मुलं जिल्ह्यात पहिली आली.’ हा झाला हेतू. ‘म्हणून तुमचा मुलगाही चमकेल’ हे निगमन, जे जाहिरातीत कुठेच छापलेलं नसतं. तिसरी ओळ भरायला घेतली की पेन अडखळतं, कारण ‘या क्लासला येणारं प्रत्येक मूल चमकतं’ असं लिहावं लागतं, आणि क्लासला एकूण मुलं किती हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा पडतो. चारशे? बाराशे? छापलेला आकडा खराच असतो. न छापलेला आकडा आपण मनातल्या मनात आपल्या सोयीने लहान करून घेतलेला असतो.

साडीच्या दुकानात हेच काम वेगळ्या चालीने होतं. गादीवर बसवतात, पाणी विचारतात, चहा मागवतात. “बघायचे पैसे नाहीत, ताई.” मग घड्या मोडायला सुरुवात. नव्या साडीचा तो खळीचा वास, पदर झटकून पसरण्याचा सपकारा, एकावर एक पडत गेलेला ढीग. पंचवीस साड्या उलगडून झाल्या की तो ढीगच बोलायला लागतो: एवढं सगळं मोडलं तुमच्यासाठी, आता रिकाम्या हाताने उठणार? पण मुरलेला विक्रेता हे कधी तोंडाने म्हणत नाही. तो ढिगातून दोन साड्या अलगद बाजूला काढतो, ज्यांच्यावर बाईंची बोटं क्षणभर जास्त रेंगाळली होती त्याच. आणि विचारतो, “वांगी पॅक करू, की मोरपंखी?” घेणार की नाही हा प्रश्न कधी विचारलाच गेला नाही. तो केव्हा मागे पडला हेही कळलं नाही. ‘की’ हे अव्यय इतकं निरागस आहे की त्याने दोन दारं उघडताना तिसरं बंद केलं, हे घरी गेल्यावर लक्षात येतं. मुलांना दूध पाजणाऱ्या आयांना हे दुकानदाराच्या कितीतरी आधी ठाऊक होतं: निळ्या पेल्यातून पिणार की लाल? पेल्याचं स्वातंत्र्य पूर्ण, दुधाचं नाही. त्या आयांना दोष द्यायला मन होत नाही. विक्रेत्यालाही फारसं होत नाही, कारण संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या घड्या त्यालाच पुन्हा घालायच्या असतात.

निवडणुकीच्या दिवसांत रिक्षावर कर्णा बांधून येणारा आवाज याहून कमी कष्टात काम उरकतो. ‘ताई, माई, अक्का, विचार करा पक्का, अमक्यावर मारा शिक्का.’ ही घोषणा ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. तिची घडण बघण्यासारखी आहे. विचार करायची आज्ञा मधल्या तुकड्यात आहे, पण ‘अक्का’ आणि ‘पक्का’ कानावर पडले की पुढचा ‘क्का’ कानच मागायला लागतो. तो ‘शिक्का’ झाला की काहीतरी जुळून आल्याचं समाधान मिळतं, आणि हे यमकाचं समाधान विचाराचं म्हणून खपून जातं. विचार करा असं सांगत विचार करायला जागा ठेवायची नाही, ही कारागिरी चार ओळींच्या जाहिरातीला साधत नाही. २००४च्या लोकसभा निवडणुकीत देशभर यंत्रावर मतदान झालं, शिक्का गेला, बटण आलं. तरी घोषणा शिक्क्यालाच चिकटून राहिली. ‘बटण’ला यमक आणणार कुठून? यंत्र बदललं, कान बदलला नाही.

मोर्च्यातली घोषणा वेगळ्या मातीची. ‘कोण म्हणतो देणार नाही? घेतल्याशिवाय राहणार नाही!’ यात शास्त्राची अख्खी पद्धत दोन ओळींत आली: आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडायचा, मग तो खोडायचा. फरक एवढाच, की इथे पूर्वपक्ष कुणाचा हे सांगत नाहीत. ‘कोण म्हणतो’ याला उत्तर नसतं. ते असावं अशी अपेक्षाही नसते. आणि प्रचारातली ती तिसरी, ‘येऊन येऊन येणार कोण? अमक्याशिवाय आहेच कोण?’ तिच्यात प्रश्न दोन, उत्तर शून्य, आणि सगळा भार एका बारक्या अक्षरावर. ‘अमक्याशिवाय आहे कोण’ म्हणून बघा. प्रश्न खरोखरीचा होतो, दोनचार नावं आठवायला लागतात. ‘आहेच’ म्हटलं की आठवायची गरज संपते.

मराठीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जबर हत्यार कुठलं असेल तर ते हे ‘च’.

होमरूलच्या काळातलं टिळकांचं वाक्य पोरंसोरंही म्हणतात: ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच.’ शेवटचा ‘च’ पुसला की उरतो एक बेत, अमुक करणार, तमुक करणार यांतला. ‘च’ लागला की बेताची प्रतिज्ञा होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात भिंतीभिंतीवर हेच अक्षर होतं: ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.’ ‘झाला पाहिजे’ ही मागणी असते, तिच्यावर वाटाघाट होऊ शकते. ‘झालाच’मध्ये वाटाघाटीची खुर्ची उचलून ठेवलेली आहे. इंग्रजीत हा जोर आणायला शब्द वाढवावे लागतात, आवाज चढवावा लागतो. मराठीत एका अक्षराने काम भागतं, आणि ते अक्षर वाक्यात हव्या त्या शब्दाला चिकटवता येतं. ‘रामच आज येणार’, ‘राम आजच येणार’, ‘राम आज येणारच’: माणसं तीच, दिवस तोच, तीन वेगळ्या भांडणांची उत्तरं. जिथे ‘च’ बसतो तिथे कुणीतरी आधी शंका घेतली होती असं ऐकणाऱ्याला आपोआप वाटतं, मग ती कुणी घेतलेली असो वा नसो.

आकड्याला लागला की हाच ‘च’ उलटा चालतो. ‘सेल संपायला दोन दिवस’ ही माहिती झाली. ‘दोनच दिवस’ म्हटलं की पोटात गोळा येतो. दिवस तेवढेच राहिले, फक्त तुटपुंजे झाले. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजा जिंके’ म्हटलं, तिथे या अक्षराची दुसरी बाजू दिसते. ‘मराठाचि’तला ‘चि’ बोलाला खाली बसवतो, साधा मराठीच तो. लगेच पुढच्या चरणात ‘अमृतातेंही’तला ‘ही’ त्याच बोलाला अमृताच्या वर नेऊन ठेवतो. एक अव्यय नम्रतेचं, दुसरं पैजेचं, आणि मधल्या ‘परि’वर सगळा तोल. सातशेहून जास्त वर्षं झाली, ही ओवी वाचताना ती मराठीची बढाई आहे असं कुणाला वाटत नाही. बढाईच्या आधी ‘चि’ने मान लववून घेतली आहे.

‘च’ बिघडतो कुठे? अतिवापराने. भाषणाच्या प्रत्येक वाक्यात तो आला की ऐकणारा पाचव्या मिनिटाला कान मिटून घेतो. सगळंच ठळक छापलेलं पान जसं वाचवत नाही. शिवाय ‘च’ लावलेलं विधान एका अपवादाने कोसळतं. ‘आमच्याकडेच मिळेल’ म्हणणाऱ्याला शेजारच्या दुकानातली एक पाटी पुरते. म्हणून करार लिहिणारे वकील ‘च’ फार जपून वापरतात, आणि जाहिरात लिहिणारे ‘पर्यंत’ आणि ‘पासून’ यांच्या आडोशाला जातात. ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ असं लिहिलं की २ टक्के सूटही त्यात बसते. ‘४५ लाखांपासून’ म्हटलं की तेवढ्यात मिळणारा एकच फ्लॅट, तळमजल्यावर कचराकुंडीच्या बाजूचा, दाखवायला पुरतो. बिचाऱ्या ‘पर्यंत’ला जाहिरातीत नेहमी सगळ्यात बारीक टाइप मिळतो.

प्रश्नाचं हत्यार किती खोल जातं याचा दाखला १८९७चा आहे. पुण्यात प्लेग, घरोघरी तपासण्या, २२ जूनच्या रात्री प्लेगच्या बंदोबस्तावरच्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी, आणि नंतर शहराला वेठीला धरणारं सरकार. टिळकांच्या ‘केसरी’ने जुलैत अग्रलेखाला मथळा दिला: ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ यातलं ‘डोकं ठिकाणावर आहे का’ हे घरातलं बोलणं. वडील मुलाला म्हणतात, सासू सुनेला म्हणते. ते साम्राज्याला म्हटलं की साम्राज्य त्या वाक्यापुरतं घरातल्या चुकार पोराच्या जागी येऊन उभं राहतं. आणि विधान तर एकही केलेलं नाही, विचारलंय फक्त. उत्तर पुण्यातल्या प्रत्येक घराने आपापलं दिलं. पुढच्याच आठवड्यात ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’ आला. ही व्याख्येची चाल. सरकार सूड उगवतंय असं म्हणायचं नाही, राज्य म्हणजे काय नव्हे तेवढं सांगून थांबायचं.

त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. आरोपाचा मजकूर मात्र या अग्रलेखांचा नव्हता, १५ जूनच्या अंकातला होता. त्यात शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता होती: महाराज जागे होऊन आपल्या मुलखाची दशा पाहताहेत. मृताला बोलतं करणं ही फार जुनी युक्ती, कारण त्याला कुणी उलट विचारू शकत नाही आणि बोलणारा मी नव्हेच असं म्हणायला कवी मोकळा. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावताना सरकारविषयी अप्रीती म्हणजे निव्वळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. प्रेम नसणं हाच गुन्हा ठरला की न बोललेलं सगळं आपोआप आरोपपत्रात येतं. वाक्याचा उरलेला भाग ऐकणाऱ्याने भरायचा असतो, आणि त्या दिवशी ऐकणारा न्यायासनावर होता.

सगळ्या युक्त्या चोरपावलांनीच येतात असंही नाही. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या सुरुवातीच्या ओळी दिवसाढवळ्या, ढोल वाजवत येतात: ‘विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले.’ संस्कृत अलंकारशास्त्रात याला कारणमाला म्हणतात: आधीचं कार्य पुढच्याचं कारण होत जातं, साखळीची कडी कडीत अडकते. पण अलंकाराचं नाव सांगून झालं तरी ओळींची ताकद हाती लागत नाही. ती क्रियापदांत आहे. मती, नीती, गती तिन्ही स्त्रीलिंगी, तिघींना ‘गेली’. कान त्या ‘ली’ला सरावतो. मग ‘वित्त’ येतं, नपुंसकलिंगी, आणि व्याकरणच ‘ली’चं ‘ले’ करतं. यमक कवीने ओढून आणलेलं नाही, पैसा आला आणि सूर बदलला. पाठोपाठ माणसं येतात, आणि तिथे ‘गेले’ नाही, ‘खचले’. वस्तू जातात, माणूस खचतो. चार वेळा ‘जाणं’ ऐकून सवय झालेल्या कानाला तो ‘खच’ एकदम लागतो, जिन्याची एक पायरी कमी निघावी तसा. आणि शेवटी हिशोब: ‘इतके’ विरुद्ध ‘एका’.

साखळीचं दुखणं ठरलेलं आहे. मती, नीती, गती एकमेकींशी जुळतात म्हणून त्यांच्यात कार्यकारणभाव आहे असं कानाला वाटतं, पण नादाचं नातं म्हणजे कारणाचं नातं नव्हे. मोबाइलवर रोज सकाळी येणाऱ्या सुविचारांच्या माळा बघाव्यात, पाचातली एक तरी कडी नुसत्या यमकावर लटकलेली असते. ओळखायचं असेल तर माळ एकेका कडीने तोडून, उलट्या क्रमाने, यमक काढून म्हणावी: गती नसल्याने वित्त का जातं? उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर ती कडी कच्ची. फुल्यांना हे पुरतं ठाऊक असणार, कारण त्या सहा ओळींपाठोपाठ त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. १८८३ साली हातावेगळ्या केलेल्या त्या पुस्तकात शेतसारा, सावकार, कोर्टकचेरीचे खर्च, शेतकऱ्याच्या घरातली भांडीकुंडी आणि अंगावरच्या फाटक्या कपड्यांपर्यंतचा तपशील आहे. ओळी दावा मांडतात, पुरावा पानापानांवर आहे. आज त्या सहा ओळी भिंतीवर रंगवलेल्या दिसतात, पुस्तक त्या मानाने कमी उघडलं जातं.

क्रमाचंही असंच आहे. ‘अन्न, वस्त्र, निवारा’ उलटं म्हणून बघा. ‘निवारा, वस्त्र, अन्न’ म्हणताना जीभ उतारावरून घसरते आणि घोषणेची यादी होते. तीन शब्दांत लहान आधी, मोठा शेवटी, हे कानाचं मागणं आहे. चौथा शब्द घातला की ऐकणारा मोजायला लागतो, आणि मोजायला लागलेला माणूस भारावत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४२ साली नागपूरच्या परिषदेत इंग्रजीत सांगितलेल्या क्रमात शिक्षणानंतर चळवळ येते आणि संघटन त्यानंतर. मराठीत मात्र आपण म्हणतो, ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.’ ‘शिका’ दोन अक्षरांत, पुढचे दोन तुकडे पाचपाच अक्षरांचे आणि दोन्हींच्या तोंडाला ‘संघ’. मुठीच्या तालावर हाच क्रम बसतो. पण मग आधी एकत्र यायचं आणि मग लढायचं, की लढता लढता एकत्र यायचं, हा केवढा मोठा वाद! मला वाटतं, मराठीत तो वाद बराचसा कानाने मिटवून टाकला.

सगळ्यात अलगद फिरणारा शब्द मात्र ‘आपण’. मराठीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. एकात ऐकणारा बाहेर, दुसऱ्यात आत. इंग्रजीला ही सोय नाही. सभेत कुणाचं भाषण ऐकताना एक कागद घ्यावा, मधोमध रेघ मारावी आणि डावीकडे ‘आम्ही’ची क्रियापदं, उजवीकडे ‘आपण’ची लिहीत जावं. पूल बांधला, पाणी आणलं, निधी खेचून आणला ही डावीकडे जमतात. कळ सोसायला हवी, धीर धरायला हवा, शिस्त पाळायला हवी ही उजवीकडे. श्रेय ‘आम्ही’, त्याग ‘आपण’. वीस मिनिटांच्या भाषणात एवढं चित्र स्वच्छ उमटतं, मग पक्ष कुठलाही असो. दवाखान्यातही हा शब्द असतो. “आपण एक सोनोग्राफी करून घेऊ,” डॉक्टर म्हणतात. पोट एकाचं, बिलही त्याचंच, पण ‘आपण’ म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? तरी रात्री दोन वाजता वॉर्डात सलाइन बदलायला आलेली सिस्टर “घाबरू नका हं, आपण बघू” म्हणते तेव्हा त्याच शब्दाला टेकून पडल्या पडल्या झोप लागते. युक्ती आणि माया एकाच शब्दात नांदतात, आणि कुठे कुठली ते सुरावरून ओळखावं लागतं.

सरकारी मराठीने याच्या उलट करून दाखवलं, कर्ताच गायब केला. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ कोण करणार? कधी? कोणती? ‘येईल’ हे क्रियापद पावसासारखं, ज्याची त्याने वाट बघायची. असल्या पत्राला भावनेच्या भरात चार पानी उत्तर लिहून काही निघत नाही. त्या वाक्याला पडलेली भोकं तेवढी विचारावीत: कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याकडे प्रकरण आहे, कोणत्या तारखेपासून, आणि त्यावर काय शेरा मारलाय. माहिती अधिकाराच्या २००५च्या कायद्यात याला ३० दिवसांची मुदत आहे. कर्ता आणि तारीख भरली की तेच गुळगुळीत वाक्य खडबडीत होतं आणि हाताने धरता येतं.

पटवण्याची सगळ्यात जुनी मराठी शाळा श्रावणात भरते. आटपाट नगर, कुणी एक वसा घेतो, भरभराट होते, मग उततो, माततो, वसा टाकतो, सगळं जातं, पुन्हा घेतो, पुन्हा मिळतं. डाग असलेला शर्ट आणि डाग गेलेला शर्ट शेजारी टांगणाऱ्या जाहिरातीचा साचा हाच, फक्त कहाणीत पस्तावायलाही वेळ दिलेला असतो. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी विधीकडे माणसाला ओढणाऱ्या अशा स्तुतीला अर्थवाद असं नाव दिलं. स्तोत्रांच्या शेवटची फलश्रुती तर मुदतीसकट येते: ‘जपेद्गणपतिस्तोत्रं षड्भिर्मासैः फलं लभेत् । संवत्सरेण सिद्धिं च लभते नात्र संशयः ।’ सहा महिन्यांत फळ, वर्षात सिद्धी, आणि शेवटचे दोन शब्द म्हणजे हमीपत्र.

पण याच शाळेत खुलभर दुधाची कहाणीही आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा म्हणून राजा गावातलं सगळं दूध मागवतो. वासरं उपाशी, पोरं उपाशी, घागरीवर घागरी रिकाम्या होतात, गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने आधी घरच्यांना दिलंय, वासरांना पाजलंय, उरलंय ते खुलभर. ते ओतते आणि गाभारा भरतो. गावभर दुधाच्या आकड्याला एका खुल्याने हरवणं, ही दृष्टांताची ताकद. देणगीची आवाहनं करणाऱ्यांनाही हे कळलंय: लाखो मुलांचा आकडा वाचून माणूस पान उलटतो, एका मुलीचा फोटो बघून थांबतो. कहाणी मात्र म्हातारीचं नावही सांगत नाही, आणि दूध आधी कुणाला पाजायचं हे सांगितल्याखेरीज गाभाऱ्याशी जातही नाही. ती ऐकून पटतं ते नुसत्या युक्तीमुळे असं म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी साडेआठला गाडी खरंच त्याच गल्लीत येते. आणि तेव्हा कुठे कालचा तो पहिला प्रश्न पुन्हा ऐकू येतो: ‘ताजी आहे ना?’ बाईंनी ‘ताजी आहे का’ विचारलंच नव्हतं. ‘का’ने प्रश्न उघडा राहिला असता, हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. ‘ना’ लावून उत्तर त्यांनीच पुढे केलं होतं, त्याने फक्त ते खाली पडू दिलं नाही. ‘जुडी कधीची?’, ‘दोरा सोडून दाखवता?’ असं काही विचारलं असतं तर उद्या, गल्ली आणि परत येणं यांतलं काहीच कामाला आलं नसतं.

बाई खाली येतात. आज पिशवी काखेत, दोन्ही हात मोकळे. “काल मधली सगळी पिवळी निघाली.”

“ती कालची ना, ताई. आजची बघा की.”

त्या जुडी उचलतात, नखाने दोरा सैल करतात, काड्या बाजूला सारून पोटात बोट घालतात. आतली पानंही हिरवी निघतात, मुळांना ओली लाल माती. त्या काही बोलायच्या आत त्याने तराजू बाजूला सारून दुसरी जुडी हातात धरलेली असते.

“एक देऊ की दोन?”